दुपारच्या झोपेतली पाठमोरी बाई

मी तीन वर्षांची असताना माझी आई गेली. तिचा एकही फोटो नाही. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसांचा फोटो कोण काढणार, आणि काढला तरी ठेवणार कुठं, असं वडील म्हणायचे. त्यामुळं तिचा चेहरा मला ठाऊक नाही. स्वप्नात मात्र ती लहानपणापासून येते. उजाड माळ असतो, मेंढरं पुढं चाललेली असतात आणि त्यांच्यामागं हिरव्या लुगड्यातली एक बाई, खांद्यावर घोंगडी. मी मागनं पळते. ती थांबत नाही, वळत नाही, आणि मला जाग येते. चाळीस वर्षं हेच चाललंय. आई गेली तेव्हा होती त्याच्या दुप्पट वय झालं माझं, तरी पळतेच आहे. कधी कधी रागच यायचा. अगं बाई, एकदा वळून बघितलंस तर तुझं काय जाणार आहे?

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक मशीन आणि एक कापायचं टेबल. मुलगी कॉलेजात जाते, तिला हे स्वप्न ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात ती मोबाइल घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली, "मम्मी, स्वप्न चालू असताना आपल्याला कळू शकतं की हे स्वप्न आहे. मग त्यात आपल्याला हवं ते करता येतं. फक्त सराव पाहिजे." मी म्हटलं, इथं जागेपणी हवं ते करता येईना, स्वप्नातलं कुठं सांगतेस. तर म्हणाली, "तू आजीला थांबवू शकशील." मग मी मशीन थांबवली आणि व्हिडिओ बघितला.

व्हिडिओतला माणूस दोन डब्या दाखवत होता. या गोळ्यांनी स्वप्नं ठळक पडतात म्हणे. मुलीनं नावं कागदावर लिहून दिली आणि मी नव्या पेठेतल्या मेडिकलात गेले. दुकानदारानं कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "घरात कोण विसरायला लागलंय?"

"कुणी नाही. मलाच आठवायचंय," मी म्हटलं.

त्यातली एक गोळी विसरण्याच्या आजाराची होती. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हणाला. आमचे डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत हे त्यांचे उपकार. ती आजाराची गोळी त्यांनी खोडून टाकली. दुसरी होती बी-सिक्सची, व्हिटॅमिनची. तिच्यावर मात्र बोट ठेवून म्हणाले, "ही साधी, कमी ताकदीची देतो. रोज एक, पंधरा दिवस, आणि मग बंद. जास्त घेतलीत तर बोटांना मुंग्या येतील. तुमचं पोट हातावर आहे, सुई कशी धरणार?" त्यांनी पटेल असं सांगितलं म्हणून मी ऐकलं, नाहीतर मी कुणाचं ऐकणारी नव्हे.

गोळीनं काय झालं ते मला सांगता येणार नाही. गोळीनं झालं की सोलापूरच्या उन्हानं, देव जाणे. पण स्वप्नं लक्षात राहायला लागली. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. मी दार लोटून कापायच्या टेबलाखाली, फरशीवर आडवी व्हायचे. डोळे मिटताना मनात म्हणत राहायचं, आता स्वप्न पडलं की मला कळेल. आणि उठल्या उठल्या, कुणाशी न बोलता, काय दिसलं ते लिहून काढायचं. मला वेगळी वही कुठली, मी मापांच्या वहीतच पानांच्या पाठीवर लिहायला लागले. नवरा म्हणाला, "लोक झोपेत पण आराम करतात, हिनं तिथंही काम काढलं."

आणखी एक सवय लावून घ्यायची होती. दिवसातनं दहा वेळा थांबून स्वतःला विचारायचं, मी जागी आहे ना? कशावरनं? कुठलाही आकडा एकदा वाचायचा, नजर हलवायची, परत वाचायचा. जागेपणी आकडा तोच राहतो, स्वप्नात बदलतो. लोक म्हणे घड्याळ बघतात. माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते, मी टेप बघायला लागले. एका बाईंच्या छातीचं माप घेतलं, छत्तीस. भिंतीकडं बघितलं. परत टेप बघितली. त्या हात वर करून ताटकळल्या होत्या. "झालं का हो?" म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, खरं आहे का बघते." बाईंनी हात खाली घेतले. "खरंच आहे. चौतीसची होते, वाढलेय. आता काय पेपरात द्यायचं?" त्या दिवशी मी त्यांना बटणं फुकट लावून दिली.

त्याहून मोठा घोळ वहीनं केला. एका नवरीच्या आत्याचा ब्लाउज होता, बाही साडेपाच. पण त्या पानाच्या पाठीला मी स्वप्न लिहिलं होतं, त्यातही एक बाई माप द्यायला आली होती आणि तिची बाही होती सोळा. मी कापताना नेमकं पान उलटलेलं. भरजरी कापड, आणि बाही पार कोपराच्या खाली. बाई घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि बाही वर ओढून ओढून बघायला लागल्या. स्वप्नातल्या बाईच्या मापानं मी खऱ्या बाईचा ब्लाउज शिवला होता. बाही कापून दिली, माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी नवी वही आणली. मुलगी दोन दिवस हसत होती.

एवढं होऊनही मी सोडलं नाही. मला आईचं तोंड बघायचं होतं, बस्स. एकदाच, जवळनं.

तिसऱ्या आठवड्यात, गोळ्या संपल्यावर, पहिल्यांदा जमलं. स्वप्नात मी दुकानातच होते. टेप बघितली, बत्तीस. परत बघितली तर आकडेच नाहीत, नुसती कोरी पट्टी. मी म्हटलं, अगं हे स्वप्न आहे, आणि इतकी हरखले की तिथंच जाग आली. डोकं टेबलाच्या फळीला आपटलं. टेंगूळ घेऊन मी मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "हरखायचं नाही. कळलं की दोन्ही हात एकमेकांवर घासायचे, म्हणजे स्वप्न टिकतं."

पुढं आठ-दहा दिवसांनी ती दुपार आली. माळ होता, मेंढरं होती, पुढं ती होती. मी सवयीनं पळायला लागले आणि पळता पळता हात गळ्याकडं गेला. टेप होतीच. पट्टी कोरी. मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माळावर मी थांबले. हात घासले, तळवे गरम झालेले मला कळत होते. खाली कुसळं होती, वास होता मेंढरांचा, सगळं जिथल्या तिथं. मी घाई केली नाही. तिच्या पाठीकडं बघून हाक मारली, "आई."

ती वळली. एका हाकेत वळली, आणि हसली.

ती मावशी होती.

मावशीचं सांगायला हवं. ती माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर वर्षाच्या आत वडिलांनी तिच्याशी लग्न केलं, लेकराला बघायला परकी बाई नको म्हणून. मंद्रूपजवळच्या आमच्या गावात तिनंच मला वाढवलं. आमच्यात दुसरी बायको आली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं. सोनाराकडं साचा एकच, त्यामुळं कुणाचीही आई त्यात सारखीच दिसते. लहानपणी मी मावशीच्या मांडीवर बसून तो टाक हातात धरायची. वडील गेले तेव्हा तिचं मंगळसूत्र निघालं, पण टाक काढू दिला नाही तिनं. स्वप्नातल्या त्या बाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक होता. माझ्या आईच्या गळ्यात तो असायचं कारणच नव्हतं. शंकेला जागाच उरली नाही.

खरं सांगते, उठल्यावर मी चिडले. पंधरा दिवस गोळ्या, दोन वह्या, एक ब्लाउज बिघडवला, आणि मिळाली कोण, तर मावशी? तिला भेटायला झोपायची काय गरज होती, अर्ध्या तासाची एसटी आहे. संध्याकाळपर्यंत मी नवऱ्याशीही धड बोलले नाही. आणि मग भाकरी थापताना माझी मलाच लाज वाटली. जी चाळीस वर्षं माझ्यासाठी जिवंत होती, ती दिसली म्हणून मी तोंड वाकडं करून बसले होते.

रविवारी एसटीनं गेले. आता मेंढरं नाहीत, दोन शेळ्या आहेत. मावशी लिंबाखाली बसून सुपात ज्वारी निवडत होती. मी जवळ बसून निवडायला लागले आणि जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा ती उठून गोठ्यात गेली होती. तेव्हापासून मीच ठरवून टाकलेलं, मावशीपुढं तो विषय काढायचा नाही.

"मावशी, आई दिसायला कशी होती गं?"

ती या वेळी उठली नाही. "उंच होती. हसली की तोंडाला पदर लावायची," म्हणाली. मग ज्वारीतले दोन खडे काढून टाकले. "तोंड म्हणशील तर आता मलाबी दिसत न्हाय. पयलं लई दिसायची. आता टाक हातात धरला तरी न्हाय दिसत." तिनं माझ्याकडं बघितलं. "आजच का इचारतीस?"

मी तिला सगळं सांगितलं. गोळ्या, टेप, वही. ब्लाउजचं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. माळावर थांबून हाक मारली, बाई वळली आणि ती तूच होतीस, इथपर्यंत आले तेव्हा तिचं हसणं थांबलं.

"हाक काय म्हणून मारलीस?"

"आई म्हणून."

मला आजवर तिला आई म्हणता आलेलं नव्हतं. तिनंच शिकवलं होतं, मावशी म्हणायचं, थोरलीची जागा आपण घ्यायची न्हाय. मीही कधी मोडलं नाही ते. आता तिचे हात सुपात तसेच राहिले होते.

"आन् मी वळले?"

"वळलीस की."

"लगीच?"

"एका हाकेत."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती परत ज्वारीत बघायला लागली, पण आता ती निवडत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती. मी उठले. चहा करते म्हटलं आणि आत गेले. चूल पेटवली, पाणी ठेवलं. फळीवरचे डबे सगळे एकसारखे. मी आतनंच मोठ्यानं विचारलं, "आई, साखर कुटं हाय?"

बाहेर सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हाय की, डाव्या अंगाच्या डब्यात."