पिंजार घाटावरच्या कृपाबाई नक्की कुणाच्या?

पिंजार घाटावर गादी भरून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन गोष्टी फुकट मिळायच्या. एक म्हणजे नाकातोंडात कापूस, आणि दुसरी, कृपाबाईंच्या धर्माविषयीची माहिती. कापूस झटकला की जायचा. माहिती मात्र गिऱ्हाईक घरी घेऊन जायचं आणि वाटेत तिच्यात पदरची भर घालायचं.

माहिती तशी खरीच होती. कृपाबाई शरणपुरातल्या. वडील शांतवन उमाप मिशनच्या बागेत माळी. एकसष्ट साली त्यांच्या घरची गादी फाटली. ती पिंजायला भिकनभाई पिंजारी खांद्यावर धुनकी टाकून आले आणि त्या एका गादीला त्यांनी चार दिवस लावले. "चार दिवसांत माणूस हत्तीची गादी भरेल," असं शांतवनरावांच्या लक्षात आलं, तोवर कापसाबरोबर बरंच काही पिंजून झालं होतं. रडारड झाली, रुसवेफुगवे झाले आणि शेवटी निकाह झाला.

तेव्हापासून दर रविवारी कृपाबाई डोक्यावर पदर घेऊन शरणपुरात चर्चला जायच्या आणि रमजानचे तीसच्या तीस रोजे धरायच्या. शेजारच्या ठमाबाईंना हे काही केल्या पचेना.

"लय हुशार बाई आहे," त्या नळावर सांगायच्या. "वर गेल्यावर एक दार बंद निघालं तर दुसरं उघडं. आपण बसू बोंबलत."

कृपाबाईंनी एवढा लांबचा विचार कधी केलाच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानात नवरा दिवसभर उपाशीपोटी धुनकी ओढतोय आणि आपण त्याच्यासमोर भाकरी मोडायची, हे त्यांच्याच्याने होईना. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी उपाशीपोटी प्रार्थना बरी होते असा शोध लागला. दुपारी घसा कोरडा पडला की त्या गादीला टाके घालत मनातल्या मनात येशूशी बोलत बसायच्या. त्यात काही अडचण आहे, असं येशूही कधी म्हणाले नव्हते.

म्हणाले ते रेव्हरंड रंगनाथ थोरात. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात ते शरणपुरात नवे पाळक म्हणून आले. माणूस सज्जन, पण ज्याला सगळ्या गोष्टी जागच्या जागी लागतात असा. नाताळच्या आधी एका संध्याकाळी सायकल मारत ते पिंजार घाटावर आले. कृपाबाई हातात दाभण घेऊन गादी शिवत होत्या.

"कृपाबाई, तुम्ही रोजे धरता म्हणे?"

"धरते ना, पाळकसाहेब. चहा टाकू?"

"चहा राहू द्या. माणसाला दोन मार्गांनी एकदम चालता येत नाही. संकटात तुमच्या तोंडी कुणाचं नाव येतं? आता समजा, हे दाभण बोटात घुसलं."

"परवाच घुसलं होतं."

"मग? काय म्हणालात?"

"आई गं म्हणाले."

पाळकसाहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीतच ठेवलं. "नाताळच्या उपासनेत प्रभुभोजनाच्या आधी मी तुम्हाला मंडळीसमोर एकच विचारीन. येशू तुमचा कोण? देवाचा पुत्र आणि तारणारा म्हणालात, तर भाकर घ्यायला पुढे या. म्हणता येत नसेल, तर बाकावर बसून राहा. मला राग नाही, पण अर्धंमुर्धं नको."

पाळकसाहेबांची सायकल गेली आणि कृपाबाईंची झोप गेली. उत्तर अवघड नव्हतं. ते तर लहानपणापासून हाडात मुरलेलं होतं. अवघड होती नणंद.

हुरमतबी म्हणजे भिकनभाईंची थोरली बहीण, घरात सगळ्यांच्या आपा. माडीवर राहायच्या. विधवा, पाच वेळची नमाजी, आणि आईमागे भावाला वाढवलेलं, त्यामुळे घरातल्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. चर्चमध्ये आपण बोललेलं आपल्या आधी पिंजार घाटावर पोचणार, हे कृपाबाईंना पक्कं माहीत होतं. देवाला पुत्र आहे हे कानी पडलं की आपा गाठोडं बांधून मालेगावला लेकीकडे निघून जाणार. आणि आपा गेल्या की भिकनभाई जेवणार नाहीत. न बोलावं, तर जन्मभराची भाकर तुटते. बोलावं, तर घर तुटतं.

त्यात चंद्राला काय हुक्की आली कोण जाणे! पंधरा डिसेंबरला तो दिसला आणि बकरी ईद नेमकी पंचवीस तारखेला आली. घाट हरखून गेला. ठमाबाईंनी तर विचारलंच, "काय गं कृपा, करंज्या मटणाच्या करणार का?"

सणाच्या दिवशी भिकनभाई ईदगाहवर नमाज पढून आले. कुर्बानी झाली. रीतीप्रमाणे मटणाचे तीन वाटे पडले: एक घरचा, एक गोरगरिबांचा आणि एक नातेवाइकांचा. नातेवाइकांचा वाटा चर्चनंतर शरणपुरात माहेरी देऊ, असा कृपाबाईंचा बेत होता. टांगा दारात उभा राहिला, तर हुरमतबी बुरखा घालून आधीच आत बसलेल्या.

"आपा, तुम्ही कुठे?"

"भावाची सासुरवाडी आहे. वाटा मी माझ्या हाताने देणार. तू हाडं जास्त घालतेस."

"आधी चर्च आहे. दीड तास लागेल."

"बसते मागे. मला काय चावतात का?"

चर्चला पोचायला उशीर झाला. मटणाचं पातेलं शेवटच्या बाकाखाली गेलं, बाकावर कृपाबाई आणि त्यांच्या शेजारी हुरमतबी. दहा मिनिटांत शरणपुरातल्या समस्त कुत्र्यांना या उपासनेची बातमी लागली. आधी एक दारात आलं, मग तीन आली. पाळकसाहेब मेंढपाळांविषयी बोलत होते आणि सगळी मंडळी माना वळवून कळपाकडे पाहत होती. हुरमतबींनी चप्पल हातात घेतली आणि उपासना संपेपर्यंत ती खाली ठेवली नाही.

भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आला. पाळकसाहेबांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. काळा बुरखा दिसला तसा त्यांचा आवाज उतरला. कठोर असला तरी माणूस घरसंसारवाला होता.

"कृपाबाई," ते म्हणाले, "आपलं बोलणं झालं होतं, ते आपण पुन्हा कधीतरी..."

सुटका अशी ताटात वाढून आली होती. कृपाबाईंनी ती घेतली नाही. त्या उठल्या.

"पुन्हा कधी कशाला? येशू देवाचा पुत्र आहे आणि माझा तारणारा आहे. दुसरं काही मला म्हणता यायचं नाही. रोजे मी धरते. त्या घरात खाते, त्या घराबरोबर उपाशी राहते. पण साक्ष एकच आहे, पाळकसाहेब."

कृपाबाईंना शेजारी बघायचा धीर होईना.

"मग उभी काय राहिलीस?" बुरख्यातून खणखणीत आवाज आला. "जा, तुझं काय ते घेऊन ये. मटण खराब होतंय!"

वाटा देऊन दोघी परत टांग्यात बसल्या. कृपाबाईंनीच विचारलं, "आपा, गाठोडं बांधणार?"

"कसलं गाठोडं? तू मला नवीन काय सांगितलंस? निकाहच्या वेळी काझीसाहेबांनी विचारलं, मुलगी कोण? मी म्हटलं, किताबवाली, ईसाई. ते म्हणाले, मग निकाहला हरकत नाही, धर्म बदलायला नको. तुला कलमा पढ म्हटलं होतं कुणी?"

कृपाबाईंना आठवेना. खरंच कुणी म्हटलं नव्हतं.

"मी वाट बघत होते," हुरमतबी बाहेर बघत म्हणाल्या. "रोजे धरते, तर एक दिवस आपसूक पढेल. हजरत ईसांना आम्हीही मानतो, पण पैगंबर म्हणून. तू आज बोललीस ते आम्हाला चालायचं नाही आणि आमचं तुला. दोन्ही कसं खरं असेल?" त्यांचा आवाज जरा ओला झाला. "तेरा वर्षं दुआ मागतेय तुझ्यासाठी. मागणं थांबवणार नाही, सांगून ठेवते."

"मागा ना. मीही तुमच्यासाठी मागते."

हुरमतबींनी बुरख्याचा पडदा वर केला. "माझ्यासाठी? कधी?"

"दर रविवारी."

"आणि आजवर बोलली नाहीस! अगं, मग माझ्या गुडघ्यांचंही सांगायचं ना त्यात!"

पिंजार घाटाची मात्र पार निराशा झाली. गाठोडं नाही, भांडण नाही, काहीच नाही. पुढच्या रमजानला कृपाबाईंनी पुन्हा रोजे धरले, तेव्हा ठमाबाईंना राहवलं नाही.

"आता तर तुझं ठरलं ना गं? मग उपाशी कशाला मरतेस?"

कृपाबाईंनी तोंड उघडायच्या आत माडीच्या खिडकीतून हुरमतबी कडाडल्या, "तिला नादी लावू नकोस, ठमे! इफ्तारची भजी तीच तळते. रोजा नसला की तळता तळता निम्मी खाऊन टाकते!"