थोरलीची पानं कुठे गेली?

थोरलीला धाकट्या जावेचा संशय आला तो एका गिऱ्हाइकामुळे. "बाई, तुमच्या बाळाच्या टोपडीचं पान उघडतच नाही हो. दुकानाचं पहिलं पान येतं, आणि त्यावर सगळे धाकट्या बाईंचे स्वेटर."

दोघी जावा मिळून विणकामाचे नमुने वेबसाइटवरून विकत. वेबसाइट मुळात थोरलीची. पानांची नावं तिने आपल्या भाषेत, तोंडात येतील तशी ठेवलेली: 'बाळाची टोपडी', 'आजोबांचा मफलर'. नुकताच धाकटीने सगळा पसारा नव्या सर्व्हरवर हलवला होता. पत्तेही बदलले होते. "जुन्या पत्त्यावर कुणी आलं तरी आपोआप नव्या पानावर जाईल, ताई. तसे नियमच लिहिलेत मी," असं ती म्हणाली होती.

थोरलीने एकेक जुना पत्ता उघडून पाहिला. तिचे सगळे पहिल्या पानावर जाऊन आपटत होते. धाकटीचे मात्र बिनबोभाट पोचत होते. तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग काय, धाकटी फोन घेऊन गॅलरीत गेली की थोरलीचे कान टवकारलेले. धाकटीने आपणहून चहा आणून दिला, तर आज एवढी साखरपेरणी कशासाठी?

"तुमच्या भावाची बायको मला माझ्याच दुकानातून बाहेर काढतेय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"मग विचार ना तिला."

"म्हणजे ती सावध होईल!"

शेवटी न्हाणीघरात नळ सोडून तिने सर्व्हरच्या कंपनीतल्या माणसाला फोन लावला. त्याने नियम उघडून पाहिले.

"तुमच्या प्रत्येक पानाचा नियम आहे की इथे. पण एकही लागू होत नाहीये."

"मुद्दाम तसा लिहिलाय?"

"ते मी कसं सांगू? तुमच्या लिपीतली अक्षरं, मधली मोकळी जागा, हे सगळं पत्त्यात टक्क्याच्या खुणा आणि आकडे होऊन येतं. नियम लिहिणाऱ्यांनी तेच नियमात उतरवलंय. पण नियमाशी ताडून बघण्याआधी सर्व्हर त्याची पुन्हा अक्षरं करतो. मग जुळणार कसं? सरळ अक्षरंच लिहा. आणि नाव अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर मोकळ्या जागेपाशी नियम तुटतो. जे जुळत नाही, ते शेवटचा नियम पहिल्या पानावर ढकलतो."

"आणि तिची पानं कशी चालतात हो?"

"त्यांची नावं इंग्रजीत, सलग. त्यात बदलण्यासारखं काही नाहीच."

थोरलीचं समाधान झालं नाही. जेवताना तिने तोंड उघडलंच. "माझी पानं का गिळलीस गं?"

धाकटीचा घास हातातच राहिला. "गिळली? अहो ताई, डोळे फुटेस्तोवर एकेक टक्का टाइप केलाय मी! चालेना, तेव्हा सांगायची लाज वाटली. तुम्ही म्हणाला असतात, हिला काही येत नाही."

थोरलीने कंपनीतल्या माणसाचं म्हणणं तिला सांगितलं. ताटं तशीच ठेवून दोघी कॉम्प्युटरपुढे बसल्या. थोरली नावं सांगत गेली, धाकटी अवतरणचिन्हांत अक्षरं लिहीत गेली. टोपडी उघडली. मफलर उघडला. धाकटी डोळे पुसत हसली.

थोरलीही हसली. मग आतल्या खोलीत जाऊन तिने परगावच्या बहिणीला फोन लावला.

"बघ गं, तुझ्याकडे टोपडीचं पान उघडतंय का?"

"उघडलं. का गं?"

"काही नाही. आता मफलर बघ."