बदकाचा आवाज माणसात आणताना

बागायतदाराच्या रेडिओचं मागचं पुठ्ठं काढलं तेव्हा आतून उंदराच्या मुताचा असा भपकारा आला, की मी तोंड फिरवलं. ट्रान्सफॉर्मरला चिकटून एक वाळलेला उंदीर होता. व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांच्या, बुडाशी झुरळांच्या लेंड्यांचा थर. सेट मात्र राजेशाही: सागवानी पेटी, पुढं काचेची तबकडी, शॉर्टवेव्हचे चार पट्टे. कुणा साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात त्यानं तो उचलला होता आणि विट्याजवळच्या आपल्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा मांडला होता.

मी सैन्यात सिग्नलमध्ये, बिनतारी संदेशांच्या कामावर होतो. पेन्शनीवर आल्यावर विट्यात एसटी स्टँडमागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, तसा मीही मेजर झालो.

"मेजर," बागायतदार पान चघळत म्हणाला, "पुण्यात माझ्या साडूकडं असल्याच सेटवर लोकांचं आपापसातलं बोलणं ऐकू येतंय. माझ्यात नुसतं बदक वरडतंय. मला बी लोकांचं खासगी ऐकाय पायजे."

खासगी हा शब्द त्यानं असा उच्चारला, की त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला. त्यानं तो धोतरानं पुसला.

ते बदक मला ठाऊक होतं. घरी बिनतारी यंत्र बसवून एकमेकांशी बोलणारे हौशी लोक, ज्यांना हॅम म्हणतात, ते त्या वर्षांत नव्या पद्धतीवर गेले होते. साधं रेडिओ स्टेशन आवाजाबरोबर एक स्थिर लहर पाठवतं आणि त्या लहरीवर बसून आवाज येतो. हे लोक ती लहर गाळून टाकत आणि आवाजाची एकच बाजू पाठवत. त्यानं कमी शक्तीत लांब पोचता येतं. पण जुन्या सेटला ती लहर लागतेच. ती नसली की माणसाचं बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं, बदकासारखं ऐकू येतं. इलाज एकच. गाळलेली लहर सेटमध्येच तयार करायची आणि आलेल्या आवाजात मिसळायची.

माणूस मला आवडला नव्हता, पण काम मनासारखं होतं. आधी मी सेट घासूनपुसून काढला. मग एक व्हॉल्व्ह, मोडक्या सेटमधली एक कॉइल आणि दोनचार कंडेन्सर दुधाच्या पावडरीच्या डब्यात बसवले, डबा पेटीच्या आत ठोकला आणि त्याची वायर आवाज वेगळा होतो त्या जागेपाशी नुसती गुंडाळून ठेवली. पेटीच्या बाहेर एक काळं बटण बसवलं. सेट तापेपर्यंत थांबायचं, मग बटण केसाएवढं फिरवत जायचं. एका बाजूला आवाज घोगरा होतो, दुसऱ्या बाजूला उंदरासारखा किचकिच करतो. मधे एक जागा अशी येते, की अचानक समोर माणूस उभा राहतो. पहिल्यांदा ती जागा सापडली तेव्हा एक म्हातारा आवाज आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलत होता. मला फार बरं वाटलं. बागायतदाराला नाही.

"ह्येच का खासगी?" तो म्हणाला.

पुढं पावसाळ्यात दूर दुसऱ्या राज्यात एका शहरात नदी शिरली. फोन बंद, तारा बंद. आमच्या भागातली खूप माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. दुकानातला कचरासुद्धा जाळून त्यातून सोनं काढणारी ही माणसं त्या शहरातही होती. त्यामुळं घराघरांतून चुली थंड पडल्या. त्या शहरातल्या एका हॅमनं बॅटरीवर आपलं यंत्र चालू ठेवलं होतं आणि तो लोकांचे निरोप मुंबईच्या दुसऱ्या हॅमला सांगत होता. हे कळल्यावर मी सकाळीच बागायतदाराकडं गेलो. माझ्या दुकानात तसा सेट नव्हता.

सोपा भरला होता. सतरंजी, चहाच्या कपबशा, परातीत भडंग. बागायतदाराची नेहमीची टोळी लोडाला टेकून बसली होती. रेडिओतून तो माणूस हिंदीत सावकाश एकेक नाव सांगत होता. कोण शाळेत सुखरूप आहे, कोण नाही. प्रत्येक नाव दोनदा. त्याचा घसा बसला होता. त्यानं किती वेळात पाणी प्यायलं नसेल असं मला वाटलं. इकडं भडंग कुरकुर वाजत होता.

"किती झाले गं हे? माझ्या हिशेबानं हजारावर जात्यात. लावतो का पैज?" एकजण दुसऱ्याला म्हणाला. 'गं' हा त्यांच्यातला चेष्टेचा लाड.

मग त्यातल्याच एकाला काळ्या बटणाचा शोध लागला. त्यानं ते फिरवलं. मेलेल्या माणसाचं नाव उंदराच्या आवाजात आलं. सगळे हसले. त्यानं दुसरीकडं फिरवलं, नाव घोगरं रेड्यासारखं आलं. बागायतदार हसता हसता ठसकला आणि त्याच्या तोंडातला तांबडा चोथा परातीच्या काठावर पडला. कुणी तरी तो बोटानं उडवला आणि भडंग खातच राहिलं.

फौजेत मी पुष्कळ घाण पाहिली आहे, पण ती घाण कुणी मजेनं चाटत नव्हतं.

तेवढ्यात किचकिच आवाजात एका बाईचं आणि विट्याजवळच्या एका वाडीचं नाव आलं, आणि सगळे पुन्हा हसले. मी उठलो, त्या माणसाचा हात धरून बाजूला सारला आणि बटण जागेवर आणलं. निरोप दुसऱ्यांदा स्पष्ट ऐकू आला. गलाईवाला स्वतः शाळेत सुखरूप आहे. पत्नी राहिली नाही. आईला कळवा.

बागायतदाराचे डोळे चमकले.

"त्याची म्हातारी वाडीवर हाय. जीप पाठवा तिला आणाय. फोटोवाल्याला बी बोलवा. पेपरात देऊ. आपल्या रेडिओवर पोराची बातमी आली, म्हातारी पाया पडाय आली..."

"आणि सुनेचं?" मी विचारलं.

"आधी चांगलं सांगू, मेजर. फोटो निघू द्या. रडकं तोंड पेपरात बरं दिसत न्हाई. दुसरं काय, नंतर कळंलच तिला."

मी चपला घातल्या. मागून त्यानं हाक मारली, मी वळलो नाही. जीप आधी फोटोवाल्याला घ्यायला बाजारात जाणार होती. मी सायकल काढली आणि माळाच्या आडवाटेनं वाडीकडं निघालो.

म्हातारी शेळीला पाला घालत होती. फौजी माणूस अवेळी दारात आला की बातमीच घेऊन येतो, हे तिनं ओळखलं असावं. हातातला पाला तिनं खाली ठेवला नाही.

"मावशी, पोरगा सुखरूप आहे. शाळेत आहे."

"आन सून?"

मी सांगितलं. शेळी तिच्या हातातला पाला ओढून खात राहिली.

"तुमी तुमच्या कानानं ऐकलं?"

"व्हय."

"तिचं नाव घेतलं त्यांनी? कसं घेतलं?"

मघाशी ते नाव कसं आलं होतं आणि त्यावर कोण कसं हसलं होतं ते माझ्या कानात होतं. "नीट घेतलं, मावशी. सावकाश घेतलं. दोनदा," मी म्हणालो.

ती मटकन बसली. शेजारच्या बाया धावल्या. त्या रडू लागल्या तेव्हाच जीप येऊन उभी राहिली. मागं गळ्यात कॅमेरा अडकवून फोटोवाला. ड्रायव्हरनं ऐटीत सांगितलं, "आवं आजी, चला. मालकांनी बोलावलंय. आनंदाची बातमी हाय."

बाया ड्रायव्हरकडं वळल्या. मला वाटलं आता कुणी तरी दगड उचलेल. म्हातारी पदरानं तोंड पुसत उठली, जीपपर्यंत गेली आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

"जतला घे," ती म्हणाली.

"जतला? मालक वाट बघत्यात..."

"माझ्या सुनेचं आईबाप जतकडं हाईत. त्यास्नी कोन सांगनार? तुजा मालक? गाडी आलीच हाय दारात. घे म्हनते ना."

तिच्याबरोबर दोन दीर आणि एक जाऊ मागं चढली. फोटोवाला खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला कॅमेरा पोटाशी धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. मी सायकल वाटेतून बाजूला घेतली. त्यानं गाडी वळवली आणि जतचा रस्ता धरला. जीप परत यायला दुसरा दिवस उजाडला.

बागायतदारानं तोवर रेडिओशेजारी स्वतःचाच फोटो काढून घेतला होता. तो इथल्या एका साप्ताहिकात छापून आला. खाली लिहिलं होतं, की पूरग्रस्तांच्या नातलगांपर्यंत बातम्या पोचवण्यासाठी यांनी रात्रीचा दिवस केला. माझ्या दुकानात तो अंक कुणी तरी आणून टाकला. मी तो चिमट्यानं उचलून बाहेर टाकला, मेलेलं पाखरू टाकावं तसा.

पूर ओसरला, टोळीला रेडिओचा कंटाळा आला. दिवाळीच्या सुमारास तो गलाईवाला गावी आला तेव्हा बागायतदारानं त्याला सोप्यात बोलावून शाल आणि नारळ दिला. पुराच्या दिवशी सोप्यात काय झालं होतं ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो वाकून पाया पडला, आणि बागायतदारानं त्याच्या पाठीवर थोपटलं. मी दारात होतो. त्याची आई आली नव्हती. त्या मुलाच्या पाठीवरचा तो पानाचे डाग पडलेला पंजा पाहून मी तिथून निघून आलो.

पुढं विट्यात, तासगावात त्या डब्याची गोष्ट पसरली. द्राक्षांचे व्यापारी आले, एक डॉक्टर आला, सगळ्यांना आपापल्या जुन्या सेटवर तसं करून हवं होतं. डॉक्टर भला माणूस होता, त्याला खरंच शिकायचं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, तो व्हॉल्व्ह आता मिळत नाही. माझ्या कपाटात चार पडून होते.