भेटीचं रडणं

परवा शब्दकोश चाळताना 'विलाप'पाशी अडकले. आक्रोश, टाहो, हंबरडा, सगळे शब्द कुणी गेल्यावरचे. कुणी आल्यावर रडतात, त्याला शब्दच सापडेना, आणि मी थेट मोहाडीच्या बाजारात पोचले.

पंचेचाळीसेक वर्षं झाली. मी पुण्याची, मोहाडीत नवी सून. सुक्या मासळीच्या वासात दोन बायका गळ्यात गळा घालून हेल काढून रडत होत्या. मी घाबरून सासूबाईंना विचारलं, "कोण गेलं?"

"कोनी नाई गेलं. मायलेकी भेटून राहिल्या."

दिवाळीनंतर माझी आई प्रथमच आली. मी वाकून नमस्कार केला, तिने गालावरून हात फिरवला, आणि मी चहा ठेवायला वळले. सासूबाईंनी मला आत गाठलं.

"मायसंग भांडन हाये का तुहं? रडली काहून नाई?"

"आमच्यात नाही रडत," मी हसले.

त्यांना ते पटेना. बाहेर जाऊन त्यांनी आईच्या गळ्यात हात टाकले. "पोरीले नाई येत, तं मीच रडतो बाई," म्हणाल्या आणि सूर लावला.

आई क्षणभर अवघडली. मग माझ्या पाठवणीतही डोळे कोरडे ठेवणारी माझी आई त्यांच्या खांद्यावर मोठ्याने रडू लागली. एवढं रडू ती कुठे ठेवून होती, हे मला अजून कळलेलं नाही.