माद्रिदच्या चौकात मिरजेचं पाकीट

नूअर्क विमानतळावर आमची बॅग बाजूला काढली ती भाजणीच्या चकल्यांमुळे. यंत्राच्या पडद्यावर त्या गुंडाळून ठेवलेल्या तारांसारख्या दिसल्या असाव्यात. तपासणीवाल्या बाईंनी डबा उघडला, वास घेतला, एक चकली उलटसुलट करून पाहिली आणि झाकण लावताना डबा असा दाबला की आतून कडकड असा आवाज आला. श्रीधरराव, म्हणजे माझे यजमान, शेजारी "मी सांगत होतो" असा चेहरा करून उभे होते. चकल्या न्यायच्याच कशाला, यावरून न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या घरात आमचं दोन दिवस वाजलं होतं.

पण व्याह्यांना पहिल्यांदा भेटायचं आणि रिकाम्या हाताने जायचं, हे मला जमणारं नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी ईशा दोन वर्षांपूर्वी जर्सी सिटीतली नोकरी सोडून माद्रिदला गेली आणि तिथे तिचं दिएगोशी जमलं. दिएगो हॉस्पिटलात नर्स आहे. आई तो लहान असतानाच गेली. वडिलांनी, म्हणजे रामोन यांनी, एकट्याने वाढवलं. लिफ्टदुरुस्तीचं काम करून ते आता निवृत्त झालेत आणि दर रविवारी माद्रिदच्या जुन्या चौकात पोस्टाच्या तिकिटांचं टेबल मांडून बसतात.

"आई, जस्ट बी नॉर्मल," ईशाने फोनवर बजावलं होतं. "रामोन खूप शाय आहे. त्याला वाटलं ना, की तुम्हाला ते लोक आवडले नाहीत, तर तो काही बोलणार नाही. पण दिएगो मग पुढे जाणार नाही, आय नो हिम. त्याच्यासाठी त्याचा बाबाच सगळं आहे."

म्हणजे लग्न व्हायचं की नाही, हे त्या एका रविवारावर होतं.

माद्रिदला उतरलो तेव्हा मार्चमधलं लख्ख ऊन होतं. न्यू जर्सीत रस्त्याच्या कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग होते, आणि इथे लोक कोट खांद्यावर टाकून कॉफी पीत होते. दिएगो घ्यायला आला होता. उंच, किडकिडीत आणि बोलण्याआधी हसणारा. माझ्या हातातली बॅग त्याने न विचारता घेतली. मला तो आवडला, हे मी श्रीधररावांना हॉटेलवर पोचल्यावर लगेच सांगून टाकलं. ते म्हणाले, "बघू."

रविवारी दिएगोची ड्यूटी होती, त्यामुळे आम्ही तिघंच निघालो. अरुंद, सावलीच्या गल्ल्यांतून चालत एका कमानीखालून बाहेर आलो आणि एकदम समोर मोठी मोकळी जागा. याला प्लासा मायोर (थोरला चौक) म्हणतात. चारी बाजूंना विटकरी रंगाच्या सारख्या उंचीच्या इमारती, त्यांना लोखंडी कठड्यांच्या सज्ज्यांच्या रांगा, वर पाटीच्या दगडाची छपरं. एका बाजूच्या इमारतीवर नखशिखांत चित्रं रंगवलेली. तिला म्हणतात ‘पानादेरिया’ (पावाची भट्टी), कारण राजाच्या काळात तिथे शहराचा पाव भाजला जायचा. चित्रं पाहून कुणाला पाव आठवणार नाही.

या चौकात राज्याभिषेकाचे सोहळे झाले, बैलांच्या झुंजी झाल्या, माणसांना जाहीर देहदंडही झाले. ते बघायला दरबारी मंडळी यायची तेव्हा या घरांत राहणाऱ्यांनी आपले सज्जे त्यांना मोकळे करून द्यायचे, असा दंडक होता. पाहुणे आले की घरच्यांनी आतल्या खोलीत जायचं, ही रीत फक्त आपलीच आहे असं मी इतके दिवस समजत होते.

मधोमध घोड्यावर बसलेल्या राजाचा पुतळा आहे. ईशा म्हणाली, "आई, या घोड्याचं तोंड पूर्वी उघडं होतं. चिमण्या आत जायच्या आणि बाहेर यायला जमायचं नाही. पुढे कधीतरी पुतळा फुटला तेव्हा आत नुसती हाडं सापडली." तोंड आता बुजवून टाकलंय. श्रीधररावांनी पुतळ्याच्या चौथऱ्याचं काम चांगलं आहे असं सांगितलं. ते स्थापत्य अभियंता होते, त्यांना पुतळ्यापेक्षा चौथरा आधी दिसतो.

तिकिटांचा बाजार चौकाच्या कडेच्या कमानींखाली भरतो. ओळीने टेबलं, त्यांवर जुनी तिकिटं, नाणी, बिल्ले, पोस्टकार्डं. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे पुरुष. हातात चिमटा, डोळ्याला भिंग, आणि बायकोपासून दोन तास सुटका झाल्याचं समाधान. बोलणं कमी, बघणं जास्त.

रामोन शेवटून तिसऱ्या टेबलापाशी होते. बुटके, रुंद खांद्यांचे, नीट दाढी केलेले आणि टाय लावलेले. आजूबाजूला कुणी टाय लावला नव्हता. त्यांनी आम्हा दोघांच्या गालांना गाल लावून स्वागत केलं. त्यात श्रीधररावांनी भलत्या बाजूला मान वळवल्यामुळे दोघांचे चष्मे एकमेकांवर आपटले. मी डबा पुढे केला. रामोननी लगेच उघडला. चकल्यांचा केव्हाच चुरा झाला होता. त्यांनी सरळ मूठभर चुरा घेतला, खाल्ला, मान डोलावली आणि पुन्हा मूठ भरली.

खरं सांगते, मला ते जरा विचित्र वाटलं. पहिल्यांदा पुढे केल्यावर माणूस निदान "असू दे, असू दे" तरी म्हणतो.

मग त्यांनी टेबलाखालून एक पेटी काढली. पेटीतून एक पाकीट. पिवळं पडलेलं, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत ठेवलेलं जुनं भारतीय पाकीट. त्यावर टपालाचा गोल काळा शिक्का होता. ईशाने भिंग धरलं. शिक्क्यात अक्षरं होती: मिरज. आणि साल होतं श्रीधररावांच्या जन्माचं.

रामोन स्पॅनिशमध्ये बोलले ते ईशा आम्हाला सांगत होती, "बाबा, तुझं गाव कुठलं, हे त्यांनी मला गेल्या वर्षी विचारलं होतं. देन ही रोट टू एव्हरीबडी. लिस्बन, लंडन, कुठे कुठे. सात महिने लागले. हे तुझ्यासाठी आहे."

पाकीट कुणा तंतुवाद्यं बनवणाऱ्याने पुण्याच्या दुकानाला पाठवलेलं होतं. मिरजेत सतारी बनतात, त्यांची वेगळी गल्लीच आहे. श्रीधररावांचं बालपण त्याच गल्लीच्या पलीकडे गेलं. त्यांचा हात पुढे गेलेला मी पाहिला. तो तसाच मागे आला.

"नो, नो," ते म्हणाले. "टू मच. प्लीज, यू कीप."

रामोननी पाकीट पुन्हा पुढे केलं. काहीतरी म्हणाले.

"नो, नो, रिअली. इट इज युवर कलेक्शन." श्रीधररावांनी दोन्ही हात छातीशी घेतले.

रामोननी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग पाकीट पेटीत ठेवलं, पेटी टेबलाखाली सरकवली, आणि बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले. दुपारी एकत्र जेवायचं ठरलं होतं. ते ईशाला म्हणाले, तुम्ही जाऊन या, मला आज इथेच थांबायला हवं.

जवळच्या गल्लीत एक छोटं उपाहारगृह होतं. या भागात जो तो बोकादियो दे कालामारेस (लांबट पावात तळलेल्या माकुळाच्या चकत्या) खात असतो. आम्हाला अंड्यापर्यंत चालतं, म्हणून बटाट्याचं जाड ऑम्लेट मागवलं. ते उत्तम होतं, पण ईशाने काट्याला हातही लावला नाही.

"बाबा, तुला ते नको होतं का?"

"नको कसं? अगं, मिरजेचं पाकीट!"

"मग नो का म्हणालास?"

"एकदम कसं घ्यायचं? बरं दिसतं का ते? तिसऱ्यांदा म्हणाले असते तर घेतलंच असतं."

ईशा त्यांच्याकडे बघत राहिली. "तिसऱ्यांदा? देअर इज अ थर्ड टाइम?"

"असतोच," मी म्हटलं. "पहिल्यांदा नाही म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तिसऱ्यांदा घ्यायचं." बोलताना मला ते फार शहाणपणाचं वाटलं नाही.

"नोबडी टोल्ड मी," ईशा म्हणाली. आणि थांबली. तिचा आवाजच बदलला. "बाबा, गेल्या वर्षी तुझ्या हार्टच्या ऑपरेशनच्या वेळी मी इथून फोनवर विचारलं होतं, मी येऊ का? तू नको म्हणालास. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तू म्हणालास, नको गं, कशाला, तुझं काम आहे. सो आय डिडन्ट कम. मला वाटलं, तुला खरंच नकोय. पार्सिपनीच्या प्रत्येक काकूने मला नंतर ऐकवलं, की एकुलती एक मुलगी असून आली नाही."

श्रीधरराव ताटलीकडे बघत होते. ऑपरेशननंतरचे दहा दिवस ते दारावरची घंटा वाजली की मान उचलायचे, हे मी पाहिलेलं होतं. मीही तिच्याबद्दल मनात अढी धरून होते. मला तर तिने विचारलंच नव्हतं, आणि "ये" म्हणून मीही कळवलं नव्हतं. त्या उपाहारगृहात बसून मला स्वतःची लाज वाटली.

"मी वाट बघत होतो," श्रीधरराव म्हणाले. एवढंच.

ईशाने नाक पुसलं. आणि मग एकदम व्यवहारी झाली, त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. "दोन वाजता सगळे पॅक करतात. रामोनला वाटतंय की तू त्याला नाही म्हणालास. पाकिटाला नाही, त्याला. आम्हाला."

घड्याळात पावणेदोन झाले होते. आम्ही बिल देऊन निघालो. चौकात परत आलो तेव्हा निम्मी टेबलं उठली होती. आता अडचण अशी होती, की नाही म्हटलेली वस्तू परत जाऊन मागायची. माझ्या यजमानांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत पगारवाढ मागितली नाही. शेजाऱ्याकडून बर्फ उपसायचं फावडं मागून आणण्याऐवजी ते नवीन विकत घेतात. ते कमानीखाली थबकून उभे राहिले.

"मी येऊ का बरोबर?" ईशाने विचारलं.

"नको."

"बाबा, हे नको-नको आहे की खरं नको?"

"खरं नको," ते म्हणाले आणि चालू लागले.

आम्ही दोघी खांबाशी थांबलो. रामोन टेबलावरचं कापड घडी करत होते. श्रीधरराव समोर जाऊन उभे राहिले. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होते. त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. रामोन हलले नाहीत. श्रीधररावांनी पुन्हा छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना. साठ-पासष्ट वर्षांचा माणूस काही मागताना इतका लहान दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

रामोननी हातगाडीवर रचलेल्या पेट्या एकेक करून खाली घेतल्या. आपली पेटी नेमकी सगळ्यांत तळाशी होती. पाकीट काढलं. श्रीधररावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. रामोननी आधी ते पाहिलं, मग चष्मा काढून पुसायला घेतला.

त्यानंतर दोघांनी मिळून टेबल दुमडलं. टेबलाच्या पायात श्रीधररावांचा अंगठा सापडला, आणि ते मराठीत ओरडले. ईशा रडता रडता हसायला लागली.

चार वाजता दिएगो ड्यूटी संपवून आला आणि आम्ही पाचजण रामोनच्या घरी पुन्हा जेवलो. मसूर, पालक-हरभरे, चीज, दुधातला भात. रामोन वाढत होते आणि श्रीधरराव पहिल्याच फटक्यात हो म्हणत सुटले होते. एकदाही "पुरे" नाही. संध्याकाळी हॉटेलवर त्यांना अशी आम्लपित्ताची जळजळ सुरू झाली की औषधाच्या दुकानात मला खाणाखुणा करून गोळ्या आणाव्या लागल्या. निघायच्या दिवशी रामोन विमानतळावर आले होते, टाय लावून.

पार्सिपनीत परतलो तेव्हा बर्फ बरंच वितळलं होतं. प्रवासाहून आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंत? मी चौक सांगते, सज्जे सांगते, घोडा सांगते. पण मनात वेगळंच असतं. आम्ही इतकी वर्षं अमेरिकेत काढली, मुलीला इथेच वाढवलं, भाषा दिली, सण दिले, खाणं दिलं. पण आमच्या नकाराचा अर्थ काय, हे सांगायचं राहून गेलं. आम्हाला वाटलं, ते रक्तातच येतं. ती बिचारी ऐकलं ते खरं मानत आली.

तीन आठवड्यांनी ईशाचा फोन आला. मी आमटीला फोडणी देत होते. फोन टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला.

"बाबा, आम्ही जूनमध्ये लग्न करतोय. छोटंसं, फक्त सह्या आणि लंच. तुम्ही आत्ताच येऊन गेलात, पुन्हा एवढा लाँग फ्लाइट, तुझं हार्ट आहे. व्हिडिओवर पण चालेल. यायचंय का तुम्हाला?"

श्रीधररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर तो जुना ‘न’ येऊन थांबलेला मला दिसला. मी गॅस बंद केला.

"यायचंय," ते म्हणाले. "मला यायचंय."

पलीकडून आधी नाक पुसल्याचा आवाज आला. मग ईशा म्हणाली, "बाबा, मी तीनदा विचारणार होते."