पाच मिनिटांत केलेली सही

रविवार, ४ ऑगस्ट. बॉम्ब शेल्टर रिकामं करणं.

इथल्या सरकारी फ्लॅटांत एक खोली जाड काँक्रीटची असते. पोलादी दार, खिडकी नाही. युद्ध झालं तर त्यात बसायचं. तोवर लोक तिथे तांदूळ ठेवतात. चोआ चू कांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटातल्या शेल्टरमध्ये तीन सूटकेसा, गणपतीचं मखर, दोन प्रेशर कुकर आणि नवऱ्याने कुणाकडून तरी घेतलेली, एकदाच वापरलेली गोल्फची बॅग होती. अकरा वाजेपर्यंत मी ते सगळं हॉलमध्ये आणून टाकलं.

"गणपतीला अजून वेळ आहे की," नवरा सोफ्यावरून म्हणाला.

"मला अंधार हवाय."

"भर दिवसा?"

"म्हणून तर शेल्टर."

त्याने पाय वर घेतले आणि मी कुकर त्याच्या पायांच्या जागी ठेवला.

मी एका चिनी कंपनीत काम करते. कंपनी स्क्रीनचे पॅनेल बनवते. कारखाना तिकडे चीनमध्ये, आणि इथे वन-नॉर्थला आमचं पंचवीस माणसांचं ऑफिस. पुण्याला गेले की एखादा दीर हमखास विचारतो, "काय वहिनी, चिनी माल कसा काय?" तो ज्या टीव्हीवर क्रिकेट बघतो त्याचं पॅनेल कुठलं, हे मी त्याला दरवेळी सांगते. दरवेळी तो विषय बदलतो.

माझं काम क्वालिटीचं. प्रत्येक पॅनेल अगदी एकसारखं होत नाही. कुठे एखादा फिकट, ढगासारखा डाग राहतो. त्याला मुरा म्हणतात. यंत्राला तो नीट मोजता येत नाही, माणसाच्या डोळ्यालाच बघावा लागतो. मग भांडण नको म्हणून एक डागवालं पॅनेल नमुना ठरवतात. इतपत डाग चालेल, याच्या पुढचा नाही. त्याच्या पाठीवर आमची सही, मग ग्राहकाची. त्याचे तीन संच होतात. एक कारखान्याला, एक ग्राहकाला, एक आमच्या कपाटात. पुढे हजारो पॅनेल त्या नमुन्याशेजारी धरून पास होतात. त्यामुळे चुकीच्या नमुन्यावर एकदा सही झाली की डाग हा डाग राहतच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात मी अशा तीन नमुन्यांवर सह्या केल्या. ग्राहकाचं ऑफिस हार्बरफ्रंटला. ते जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, बसवायचे स्क्रीन बनवतात, रडार आणि नकाशा दाखवणारे. कारखान्यात लॉट तयार होता, साहेब माझ्या मागे उभे राहून फोनवर "झालं, झालं" म्हणत होते. पॅनेल चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यायचं आणि मगच बघायचं, हा नियम. ऑफिसातल्या नव्या पोरांना मी यावरून इतकं बोलले आहे की ती मला बघून घड्याळ लावतात. शुक्रवारी मी स्वतः पाच मिनिटांत बघितलं. पूर्ण उजेडावर बघितलं. आणि सही केली.

सोमवारी सकाळी थेट ग्राहकाकडे जायचं म्हणून त्यांचा नमुना मी घरी आणला होता. शनिवारभर तो खोक्यात बेडरूमच्या कपाटावर होता आणि मी दुसरं काहीही करताना त्याच्याकडे बघत होते.

शेल्टरमध्ये एक सॉकेट असतं. पॅनेलची वायर लावली, तांदळाच्या पोत्यावर बसले आणि दार ओढून घेतलं. आत उकडत होतं. कारखान्यातली एक तपासणीवाली मला आठवली. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या शेजारी बसून शिकले. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. मी घाईने पेन उचललं की ती माझं मनगट धरून टेबलावर दाबून ठेवायची. वेळ झाली की सोडायची. माझ्याहून वयाने लहान, पण पकड पक्की.

अर्धा तास झाल्यावर मी उजेड कमी करत नेला. जहाजावर रात्री स्क्रीन अगदी मंद ठेवतात, बाहेरच्या अंधारात बघणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. तितका मंद केला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळसर डाग उमटला. तिथे एखाद्या छोट्या होडीचा ठिपका आला असता तर दिसला नसता.

दार उघडून मी मुलीला हाक मारली. ती सेकंडरी फोरला, म्हणजे आपल्या दहावीला आहे, परीक्षा तोंडावर. "इथे बस आणि काय दिसतं सांग."

ती आत बसली, दोन मिनिटांनी म्हणाली, "आई, कॉर्नर सो डर्टी. वाइप इट लाह."

"पुसून जात नाही ते."

"देन हू साइन्ड धिस?" पाठीमागचं स्टिकर तिने वाचलं. त्यावर माझी सही होती. मग हळूच, "अय्यो."

मी हॉलमधूनच साहेबांना फोन केला. साहेब माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ऑफिसात सगळे मला जिए म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. साहेबही म्हणतात, विशेषतः काही गळ्यात मारायचं असलं की.

"जिए, रविवारी?" आमचं बोलणं इंग्रजीतच होतं.

"शुक्रवारची माझी सही चुकीची आहे. पॅनेल तापलं नव्हतं. मी ती परत घेतेय."

"सही परत घ्यायचा फॉर्मच नाही आपल्याकडे."

"मग मी लिहिते एक."

"जिए, लॉट पॅक झालाय. ग्राहक स्वतः बघेल आणि सही करेल. त्याची जबाबदारी."

"तो माझी सही बघून करेल. उजेडात बघेल, पाच मिनिटं. मी केलं तसंच."

 त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमचा पास ऑक्टोबरमध्ये संपतो ना? माझी शिफारस जायचीय अजून. अशा वेळी कशाला गडबड?"

पास म्हणजे इथे काम करायची आणि राहायची परवानगी. नवऱ्याचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपलं. तेव्हापासून तो आणि मुलगी दोघं माझ्या पासवर राहतात. माझा गेला की तिघांचा गेला, आणि मुलीची परीक्षा बरोबर त्याच सुमाराला. साहेबांना हे माहीत होतं. मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

"शिफारस तुम्ही करा नाहीतर करू नका," मी म्हटलं. "सही माझी आहे. ती मी खोडणार. उद्या त्यांना हा डाग मी स्वतः दाखवणार आणि कसा बघायचा तेही सांगणार."

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, जिए?"

"ज्या कंपनीचा पगार घेते तिच्याच. समुद्रावरून हा लॉट परत आला तर तुमच्या वरच्यांना फोन करायला तुम्ही मला लावाल. तो फोन मी करणार नाही."

त्यांनी फोन ठेवला.

नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. गोल्फची बॅग मांडीवर घेऊन बसला होता, जागाच नव्हती दुसरी. मी वाट बघत होते की हा आता ईएमआय, शाळा, सामान हलवणं, सगळं काढेल.

"शिफारस नाही दिली तर?" त्याने विचारलं.

"तर मुलीला परीक्षेपुरतं इथे कसं ठेवायचं ते बघायचं. तू उद्या शाळेत जाऊन विचार. आणि तुझे अर्ज जोरात चालू ठेव. दिवसाला दोन नाही, दहा."

"बरं." मग म्हणाला, "चूक तुझीच होती ना पण?"

"माझीच. म्हणून तर खोडायची कुणी हा प्रश्न नाही."

त्याने बॅग खाली ठेवली आणि कुकर आत न्यायला उठला. मी म्हटलं राहू दे, पॅनेल अजून आत आहे. जेवायला आम्ही खालच्या हॉकर सेंटरला गेलो, कारण डायनिंग टेबलावर मखर होतं. दुपारी मी साहेबांना आणि कारखान्याला एकच मेल लिहिली. काय केलं, काय करायला हवं होतं, काय दिसलं. माफी एका ओळीत, बाकी सगळं पॅनेलबद्दल. उत्तर आलं नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला हार्बरफ्रंटला पोचले. ग्राहकाच्या इंजिनिअरला मीटिंग रूमचे पडदे लावायला सांगितले, त्याच्यासमोर माझी सही आडवी रेघ मारून खोडली, खाली तारीख आणि कारण लिहिलं. पॅनेल चालू करून अर्धा तास त्याला कॉफी पिऊ दिली, मग उजेड मंद केला. त्याने कोपरा बघितला, शीळ घातली आणि नमुना नामंजूर असं लेखी दिलं. तिथून एमआरटी ट्रेन धरून वन-नॉर्थला गेले. कपाटातला आमचा आणि कारखान्याला अजून न पाठवलेला, दोन्ही नमुने काढून तशाच सह्या खोडल्या. मग ते दोन्ही, ग्राहकाचा कागद आणि माझ्या पासच्या शिफारशीचा, साहेबांनी भरायचा कोरा फॉर्म घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले, सगळं त्यांच्या टेबलावर मांडलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले.