चष्म्याचा स्क्रू

कारखान्यात तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की नन्नाताई. ती तपासनीस होती, आणि कुठलंही काम तिच्यापुढे नेलं की पहिल्या खेपेला नन्नाचा पाढा ठरलेला. इथं सांध्यात भरायचं सीलंट पातळ लागलंय, नाही. हा रिव्हेट केसभर वर आहे, नाही. फिटर तिच्या नावानं बोटं मोडत. आणि पाळ्या नव्यानं लागायच्या वेळी हेच फिटर साहेबांकडे जाऊन हळूच सांगत, आम्हाला ताईच द्या.

कंपनी हवाई दलासाठी मालवाहू विमानं बनवायची. अशा विमानाच्या पंखाच्या पोटातच इंधनाची टाकी असते, आणि तिच्यात शिरायला एक लांबट भोक, खांदे तिरके केले तर जेमतेम माणूस आत जाईल एवढं. ताई अंगानं काडी. एकतीस वर्षं ती त्या भोकातून आत जात होती, कोपरांवर सरकत, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात आरसा. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

या नोकरीत मिरवायची सोय नसते. मोबाइल फाटकावर जमा करायचा आणि आत काय चाललंय ते घरी बोलायचं नाही. तिचा नवरा शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. बायको काय करते असं शेजाऱ्यांनी विचारलं की तो म्हणायचा, "आत जाऊन बघते." त्याला तरी याहून जास्त कुठं ठाऊक होतं! पण सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

टाकीत शिरण्याआधी अंगठी, घड्याळ, कानातलं, सगळं काढून ठेवायचं. अंगात बिनखिशाचा, बिनबटणांचा झगा. सोबत जे जे न्यायचं ते आधी यादीत लिहायचं: टॉर्च एक, आरसा एक, फडकी दोन, चष्मा एक. बाहेर आल्यावर तेवढंच मोजून दाखवायचं आणि मगच कागदावर शिक्का मारायचा. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का त्याच्या नंबराचा. ताईचा दोरीनं गळ्यात असायचा. तो उठला म्हणजे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, यावर कुणी दुसरा प्रश्न विचारायचा नाही.

त्या दिवशी सकाळी तिनं एक टाकी तपासली, यादी जुळली, शिक्का पडला. फिटरांनी सीलंट लावून झाकण बसवलं, चाळीस बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी विमान हवाई दलाच्या ताब्यात जायचं होतं. दुपारी कँटीनमध्ये ताई ताटावर वाकली आणि चष्म्याची एक काडी ताटात पडली. तिनं उचलून बघितलं. बिजागरीतला स्क्रू जागेवर नव्हता. तिळाएवढा स्क्रू.

चष्मा आत गेला एक, बाहेर आला एक. कागदावर सगळं ठीकठाक होतं, आणि ही गोष्ट जगात तिच्याशिवाय कुणालाही कळणार नव्हती. तिच्या जागी तुम्हीआम्ही असतो तर काय केलं असतं ते आपलं आपल्याला ठाऊक. ती भरल्या ताटावरून उठली आणि तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेली.

"ताई, सकाळी घरीच पडला असेल हो," साहेब म्हणाले.

"असेल. पण मला माहीत नाही."

"यादी जुळलीय. उद्या माणसं यायचीत. वरपर्यंत निरोप गेलेत."

"साहेब, स्क्रू इंधनाबरोबर वाहत पंपाच्या तोंडाशी गेला, तर पंप काही यादी बघायचा नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला, आणि त्याच हातानं मग फोन उचलून झाकण उघडायला सांगितलं. नियमाप्रमाणे ज्याची वस्तू हरवली त्यानं शोधायला आत जायचं नाही, कारण त्याचे डोळे त्याला हवं तेच बघतात. शिवाय चौकशी होईपर्यंत शिक्का जमा. ताईनं गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिला तिथंच रडू आलं, पण साहेबांसमोर ती रडली नाही.

फिटर अर्धवट सुकलेलं सीलंट खरवडत होते आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं कुरकुरत होते. "चष्म्यापायी विमान फाडणारी ही पहिलीच," एक जण म्हणाला. ताईनंच तयार केलेली एक तपासनीस आत शिरली. ताई पंखाखाली स्टुलावर बसून राहिली. तास गेला, दीड तास गेला. आतून दर वेळी एकच उत्तर यायचं, इथं काही नाही.

साहेबांनी मधल्या वेळात तिच्या घरीही फोन करून शिक्का जमा झाल्याचं सांगितलं होतं आणि स्क्रू शोधायला लावला होता. तीनच्या सुमाराला ते जवळजवळ धावतच आले. "ताई, सापडला! मास्तरांना घरी सापडला!" फिटरांनी टाळ्या पिटल्या. तिचा जीव भांड्यात पडला. खोलीत जाऊन तिनं फोन घेतला.

"अगं, बेसिनखाली होता," नवरा म्हणाला.

आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. या माणसाला उभ्या आयुष्यात स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडला नव्हता.

"स्क्रूच्या डोक्यावर खाच एक आहे की फुली?"

"थांब हं... नीट दिसत नाही गं."

"मग चष्मा लावा की."

पलीकडून नुसतीच खुडबुड ऐकू आली.

"अहो, चष्मा कुठाय तुमचा?"

"त्याची काडी निघालीय," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले. मग त्यांचा आवाजच फुटला. "तुझा शिक्का जाईल गं! तीन महिने राहिलेत. एवढी वर्षं केलंस ते असं संपायचं?"

ताईला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. समोर साहेब पेनाचं टोपण काढून उभे होते. तिनं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"अहो," ती म्हणाली, "त्या विमानात बसणाऱ्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेलच ना?"

तिनं फोन ठेवला. "नाही साहेब. तो माझा नाही."

स्क्रू साडेचारला सापडला. तिसऱ्या कप्प्यात, पंपाच्या जाळीपासून वीतभर अंतरावर, सकाळी ती जिथं कोपरावर वळली होती नेमका तिथं. आतली मुलगी तो चिकटपट्टीवर घेऊन बाहेर आली. मघाशी बोललेल्या फिटरनं स्टुलाशी चहा आणून ठेवला आणि नजर चुकवून निघून गेला.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि मग त्याच्या चष्म्याची काडी स्वतःच बसवून दिली. दोन दिवस चौकशी चालली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी शिक्का तिच्यापुढे ठेवला. "सांगणाऱ्याचा शिक्का काढून घेतला, तर पुढच्या वेळी कोण येऊन सांगेल?" एवढंच ते म्हणाले. ती नव्या चष्म्यानिशी पुन्हा टाकीत उतरली, इंचन् इंच बघून बाहेर आली आणि तिनं शिक्का मारला.

विमान न्यायला वैमानिक आला तेव्हा कागदांवर सह्या करून तो मुद्दाम पंखाकडे आला. तरणाबांड, उंचापुरा. तिच्यासमोर जरा अवघडला.

"स्क्रूच्या ताई तुम्हीच ना? उशीर का झाला ते काल घरी बायकोला सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"हातातलं काम टाकून बसून राहिली. मग म्हणाली, त्यांना सांगा, महिना लागला असता तरी चाललं असतं."

सगळ्या कारखान्याला पुरून उरणाऱ्या ताईनं नवा कोरा चष्मा काढला आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसले.